इंग्रजीतील चुका आणि त्यांची किंमत

नोकरीसाठी आलेला इंग्रजी अर्ज वाचताना वाचणाऱ्याची नजर प्रथम कोठे अडखळते, हे कोणत्याही कचेरीत पाहता येण्याजोगे आहे. अर्जदाराचे शिक्षण, त्याचा अनुभव, त्याने पूर्वी सांभाळलेली कामे या गोष्टी मागाहून येतात. आधी दिसते ती 'रिसीव्ह' या शब्दातील 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल, किंवा 'सिन्स फोर इयर्स' हा ओळखीचा प्रयोग. मग अर्ज हळूच बाजूला सरकतो. अर्जदाराला हिशेब येतो की नाही, तो वेळेवर कामावर येईल की नाही, गिऱ्हाइकाशी सौजन्याने बोलेल की नाही, याची चौकशी त्यानंतर सहसा होत नाही. याच अर्जदाराने मराठी अर्जात 'दिनांक' हा शब्द दीर्घ 'दी' घालून लिहिला असता, तर ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

'चूक' हा एकच शब्द इतक्या निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो, की त्यांपैकी कोणती खरोखर नुकसान करते, कोणती केवळ लिहिणाऱ्याची शाळा कोणती होती एवढेच उघड करते आणि कोणती मुळी चूकच नव्हे, याचा विवेक सुटतो. हा विवेक करणे हे निव्वळ भाषाशिक्षकाचे काम आहे असे समजण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेल्या, बुद्धीने कोठेही कमी नसलेल्या असंख्य मुलामुलींच्या उपजीविकेचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

स्पेलिंगचा घोटाळा कोणाचा?

प्रथम स्पेलिंगचाच विचार करू. मराठीचे लेखन बहुतांशी उच्चाराला धरून चालते. ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे काही नियम सोडले, तर ऐकलेला शब्द लिहिता येतो आणि लिहिलेला वाचता येतो. या सवयीचे मूल इंग्रजीकडे वळते, तेव्हा ते साहजिकच तेथेही उच्चार आणि अक्षर यांचा मेळ शोधते. आणि तो मेळ तेथे नसतो. यात मुलाचा दोष नाही. इंग्रजी स्पेलिंगची आजची अवस्था हा इतिहासाचा अपघात आहे.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांची रूपे स्थिर होऊ लागली. परंतु नेमक्या त्याच शतकांत, म्हणजे साधारणतः १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मुळापासून बदलत होते. उच्चार पुढे गेले आणि अक्षरे मागे राहिली. सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दाच्या आरंभीचा 'के' आणि मधले 'जी-एच' ही आज मुकी असलेली अक्षरे चौसरच्या काळात उच्चारली जात होती. पुढे लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी आणखी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज. या शब्दात 'बी' कधीच उच्चारला जात नव्हता, पण लॅटिन मूळ 'डेबिटम' असल्याचे दाखविण्यासाठी तो घुसविण्यात आला. 'आयलंड' या शब्दातील 'एस' तर चुकीच्या व्युत्पत्तीतूनच आला. त्या शब्दाचा ज्याच्याशी संबंध जोडला गेला, तो 'आइल' हा शब्द निराळ्या कुळातला होता. एका जुन्या चुकीला मान्यता मिळाली, आणि ती न करणारा आज चुकीचा ठरतो!

डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने ही रूपे बहुतेक कायम केली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या कोशात 'कलर'मधील 'यू' काढला, 'सेंटर'चा शेवट 'ई-आर' असा केला, आणि त्या सुधारणा तेथे रुजल्या. पण पुढचे प्रयत्न फसले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम काढला. अमेरिकन काँग्रेसने विरोध केला आणि हुकूम मागे घ्यावा लागला. १९५० मध्ये निधन पावलेल्या बर्नार्ड शॉ यांनी इंग्रजीसाठी नवी लिपी तयार व्हावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्यांचे एक नाटक १९६२ मध्ये त्या लिपीत छापलेही गेले, पण लिपी कोणी वापरली नाही. ज्यांनी एकदा कष्टाने जुनी स्पेलिंगे पाठ केली, त्यांना ती सोपी होण्यात रस नसतो. हा स्वार्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही.

अमेरिकेत १९२५ पासून राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा भरते. १९८५ मध्ये भारतीय वंशाच्या मुलाने ती प्रथम जिंकली आणि २०१९ मध्ये आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात जण भारतीय वंशाचे होते. परिश्रमाने स्पेलिंग आत्मसात करता येते, हे त्यावरून सिद्ध होते. पण शब्द बरोबर लिहिणे हा जेथे राष्ट्रीय स्पर्धेचा विषय होऊ शकतो, त्या भाषेत चुकणे हे बुद्धिमांद्याचे लक्षण मानता येत नाही, हेही त्यावरून सिद्ध होते.

मराठी मन, इंग्रजी वाक्य

स्पेलिंगपेक्षा वाक्यरचनेतील चुका अधिक मनोरंजक आहेत. कारण त्या अव्यवस्थित नसतात. मराठी माणसाच्या इंग्रजीत ठरावीक ठिकाणी ठरावीक चुका होतात, आणि बहुतेकींच्या मागे मराठीचे व्याकरण शिस्तीने काम करीत असते.

'मी चार वर्षांपासून येथे काम करत आहे' हे निर्दोष मराठी वाक्य. त्याचे शब्दशः इंग्रजी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स' असे होते. मराठीतील 'पासून' हा एकच प्रत्यय आरंभबिंदूलाही चालतो आणि कालावधीलाही चालतो. इंग्रजीने ही दोन कामे वाटून दिली आहेत: २०२० या सालाला 'सिन्स' हवे, चार वर्षांना 'फॉर' हवे. शिवाय क्रिया मागे सुरू होऊन आजही चालू असेल, तर इंग्रजीला 'हॅव बीन वर्किंग' असे रूप लागते. मराठीला साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. एका वाक्यातील दोन चुका, आणि दोन्हींचे मूळ मराठीच्या काटकसरीत आहे.

कचेरीच्या पत्रव्यवहारात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे 'आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे'. 'मी काल पत्र पाठवले आहे' असे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते. 'काल' आणि 'आहे' यांचे मराठीत भांडण नाही. इंग्रजीत मात्र निश्चित गतकाळ सांगितला, की 'हॅव' निघून जातो आणि 'आय सेंट' एवढेच उरते. नकारार्थी वाक्यात याच्या उलट गंमत होते. 'तो गेला नाही' यात भूतकाळ 'गेला' या क्रियापदाने वाहिला आहे. इंग्रजीत तो भार 'डिड' उचलतो आणि मूळ क्रियापद मोकळे होते. विद्यार्थी दोघांवरही भार टाकतो आणि 'डिड नॉट वेंट' असे लिहितो.

'ए', 'ॲन' आणि 'द' ही उपपदे मराठीत नाहीत. जे आपल्या भाषेत नाही, त्याची उणीव लिहिताना जाणवत नाही. म्हणून ती गळतात, आणि गळतात असे शिक्षकांनी बजावल्यामुळे नको तेथेही येतात. 'ॲन' हा स्वराक्षरापूर्वी येतो, असा अर्धवट नियम शिकविला गेल्याने 'ॲन युनिव्हर्सिटी' आणि 'ए ऑनेस्ट मॅन' असे प्रयोग होतात. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे: 'युनिव्हर्सिटी'चा आरंभ 'य' या व्यंजनाने होतो आणि 'ऑनेस्ट'मधील 'एच' मुका आहे. देवनागरीत हे शब्द लिहून दाखविले, तर मराठी मुलाला हा नियम क्षणात कळेल. दुर्दैवाने इंग्रजीच्या तासाला फळ्यावर देवनागरी लिहिणे कमीपणाचे समजले जाते.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. 'विषयाबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ', 'माझा एक मित्र' म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड', वाक्याच्या शेवटी सर्वत्र 'नाही का?' चालते म्हणून सर्वत्र 'इजन्ट इट?'. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ अशी नेमकी नाती ज्याच्या तोंडी आहेत, त्याला 'कझिन' हा शब्द अपुरा वाटतो आणि तो 'कझिन ब्रदर' असे लिहितो. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांचे अनेकवचन इंग्रजीत होत नाही, याला तर्कशास्त्रीय कारण काहीच नाही. खुर्च्या मोजता येतात, सल्लेही मोजता येतात. रोमन लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असतात, देवनागरीत नसतात. म्हणून वाराचे आणि महिन्याचे नाव लहान अक्षराने सुरू होते. मराठी उच्चारात 'इ' आणि 'ई' यांचा भेद सैल असल्यामुळे रजेच्या अर्जात 'लीव्ह'च्या जागी जगणे या अर्थाचे स्पेलिंग पडते.

निस्सीम इझिकेल हे मुंबईचे बेने इस्रायली कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक. भारतीयांच्या चालू वर्तमानकाळाच्या अतिवापराची त्यांनी कवितेतून जी थट्टा केली, ती गाजली. थट्टा मार्मिक होती, यात संशय नाही. परंतु वर्गात तिचे अनुकरण करणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट होईल. हसण्याने चूक कळत नाही, लिहिण्याची भीती मात्र कायमची बसते. याउलट तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना जे इंग्रजी शिकविले, त्याची रीतच मुळी दोन भाषांची वाक्ये शेजारी ठेवून त्यांतील फरक दाखविण्याची होती. मराठीला वर्गाबाहेर घालवून इंग्रजी शुद्ध होते, ही समजूत त्या पद्धतीच्या अनुभवाशी जुळणारी नाही.

खुद्द इंग्रजांच्या चुका

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, ते चुकत नाहीत असा समज असेल तर तो दूर केलेला बरा. त्यांच्या चुका निराळ्या असतात, एवढेच. त्यांनी भाषा प्रथम कानाने घेतलेली असते. म्हणून ज्या शब्दांचे उच्चार सारखे, त्यांत ते घसरतात. 'इट्स' हा शब्द 'त्याचे' या अर्थाने लिहिताना वर स्वल्पचिन्ह नको आणि 'इट इज' या अर्थाने लिहिताना हवे, 'देअर' हा शब्द 'तेथे' आणि 'त्यांचे' या अर्थांनी निरनिराळ्या अक्षरांत लिहायचा, 'युअर'चेही तेच. देवनागरीत या जोड्या लिहिल्या, तर त्यांतील भेदच नाहीसा होतो, आणि इंग्रजांच्या कानालाही तो ऐकू येत नाही. 'कुड हॅव' असे लिहिण्याऐवजी 'कुड ऑफ' असे लिहिणारा बहुधा जन्माने इंग्रजी भाषकच असतो. भारतीय विद्यार्थ्याच्या हातून ही चूक क्वचितच होते, कारण त्याने हे रूप पुस्तकातून डोळ्यांनी उचललेले असते. ब्रिटनमधील भाजीविक्रेत्यांच्या पाट्यांवर अनेकवचनी शब्दांत विनाकारण डोकावणारे षष्ठीचे चिन्ह तर तेथे म्हणीसारखे झाले आहे. केवळ विरामचिन्हांच्या हेळसांडीवर लिन ट्रस यांनी २००३ मध्ये लिहिलेले पुस्तक ब्रिटनमध्ये अफाट खपले, ते उगीच नव्हे.

काही नियम तर मोडले तरी चूक होत नाही. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालू नये, हे दंडक इंग्रजीच्या प्रकृतीतून निघालेले नाहीत. लॅटिनच्या धर्तीवर इंग्रजीला वळण लावू पाहणाऱ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील व्याकरणकारांनी ते रूढ केले. बिशप रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ चे व्याकरण हा त्या परंपरेतील एक प्रमुख ग्रंथ. फाउलर यांनी १९२६ मध्येच अशा अंधश्रद्धांची खिल्ली उडविली होती. तरीही आपल्याकडील कित्येक वर्गांत त्यांवर आजही लाल शाई खर्च होते. पी. सी. रेन यांच्या नावावर असलेले सुप्रसिद्ध शालेय व्याकरण १९३० च्या दशकातले आहे. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. ते पुस्तक उपयुक्त आहेच, परंतु त्यानंतर इंग्रजी थांबून राहिलेली नाही.

आणि भारतीयांनीही इंग्रजीत आपली भर घातली आहे. 'पोस्टपोन'च्या जोडीने घडविलेला 'प्रीपोन' हा शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे. 'डू द नीडफुल' हा प्रयोग हास्यास्पद समजला जातो, पण तो एके काळी ब्रिटिशांच्याच पत्रव्यवहारातला होता. त्यांनी तो टाकला, येथील कचेऱ्यांनी जपला. 'आउट ऑफ स्टेशन'मधील 'स्टेशन' हे रेल्वेचे नसून कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे ठिकाण होते. अशा शब्दांना चूक म्हणण्यापेक्षा जुने किंवा स्थानिक म्हणणे न्यायाचे होईल. भारतीय वाचकाला उद्देशून लिहिताना ते चालतात; परदेशी वाचकाला ते कळणार नाहीत, एवढे भान पुरेसे आहे.

महाग पडलेल्या चुका

याचा अर्थ सर्व चुका क्षम्य आहेत, असा मात्र नव्हे. काही चुकांची किंमत रोख मोजावी लागते. अमेरिकेच्या १८७२ च्या जकात कायद्यात फळझाडांना करमाफी द्यायची होती; 'फ्रूट' आणि 'प्लांट्स' या शब्दांमधील जोडरेघेच्या जागी स्वल्पविराम पडला, फळे आणि झाडे अशा दोन वस्तू झाल्या, आणि फळांच्या आयातीवरील सुमारे वीस लाख डॉलरांचे उत्पन्न सरकारने गमावले. त्याच देशातील मेन राज्याच्या कायद्यात, ज्या कामांना जादा वेळेचा भत्ता लागू नाही, त्यांच्या यादीत अखेरच्या दोन शब्दांपूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'वाटप' हे स्वतंत्र काम की 'वाटपासाठी वेष्टन करणे' हे काम, असा प्रश्न उभा राहिला. दुधाच्या एका कंपनीचे वाहनचालक माल वाटत होते, वेष्टन करीत नव्हते. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मजकूर संदिग्ध ठरवून कौल त्यांच्या बाजूने दिला आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली.

ब्रिटनमधील प्रकरण याहून दुःखद आहे. २००९ मध्ये 'टेलर अँड सन' नावाची एक कंपनी दिवाळ्यात निघाली. सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाने ती नोंद कार्डिफच्या 'टेलर अँड सन्स' या धडधाकट कंपनीच्या नावावर केली. फरक शेवटच्या एका 'एस'चा. नोंद दुरुस्त होईपर्यंत बातमी पसरली, माल पुरविणाऱ्यांनी उधारी बंद केली, कंपनी बुडाली आणि अडीचशेहून अधिक लोकांचे काम गेले. २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरले. पण कंपनी परत उभी राहिली नाही.

एका अक्षराचा हा फेरा महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या लेखनिकाला समजावून सांगण्याची गरज नाही. 'दीपक' हे नाव रोमन लिपीत कोणी दोन 'ई' घालून लिहितो, कोणी एक 'आय' घालून. मराठीत ते एकच नाव आहे. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे रूप पडले, की त्या माणसाला आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, प्रसंगी राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी रोजगार बुडवून खेटे घालावे लागतात. व्याकरणाच्या दृष्टीने येथे कोणीच चुकलेले नसते. तरीही दैनंदिन लेखनात सर्वाधिक त्रास देणारी इंग्रजी चूक शोधायची झाली, तर ती हीच म्हणावी लागेल. 'सिन्स फोर इयर्स' वाचून कोणाचेही एक पैशाचे नुकसान झाल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे. लिहिणाऱ्याचे होते ते वेगळे.

चुकांचे अर्थकारण

ते का होते, हे पाहण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा इंग्रजी असल्याचे सांगणारे भारतीय अवघे २ लाख ६० हजारांच्या आसपास होते. दुसरी आणि तिसरी भाषा म्हणून ती येते असे सांगणारे धरले, तर आकडा १२ कोटी ९० लाखांच्या जवळ, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या थोडा वर जातो. वस्तू दुर्मिळ असली आणि तिला मागणी असली, की तिचा भाव चढतो. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या देशव्यापी पाहणीच्या आधारे काढलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाचे तासाचे वेतन इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी अधिक असते. थोडीफार इंग्रजी येणाऱ्याचे १३ टक्क्यांनी.

या वाढीव वेतनाचा काही भाग कौशल्याचा मोबदला आहे, हे उघड आहे. परंतु मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकास कारण झालेला विचार येथे लागू पडतो. मालकाला उमेदवाराची खरी कर्तबगारी दिसत नाही. म्हणून तो दिसणाऱ्या एखाद्या खुणेवरून अंदाज बांधतो. निर्दोष इंग्रजी ही आपल्याकडची अशी खूण आहे. पण ही खूण माणसाची बुद्धी जितकी सांगते, त्याहून अधिक त्याच्या बापाने भरलेली शाळेची फी सांगते. घरात इंग्रजी पुस्तके असणारा मुलगा उपपदे न शिकता बरोबर वापरतो. पहिल्या पिढीत शिकणारी मुलगी नियम पाठ करूनही चुकते. दोघांना एका मापाने मोजणारी कचेरी आपल्यालाच नकळत गरिबीला अपात्रता समजू लागते, आणि त्यात तिचे स्वतःचेही नुकसान होते, कारण चांगली माणसे दारातून परत जातात.

अलीकडे या व्यवहारात एक नवी गोष्ट घडली आहे. संगणक स्पेलिंग तपासतो, हे जुने झाले. तो तपासही आंधळा होता. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म', 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व याच्या जागी प्राचार्य, लेखनसामग्रीच्या 'स्टेशनरी'च्या जागी निश्चल या अर्थाचे स्पेलिंग पडले, तर दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे त्याला काहीच खटकत नसे. आता मात्र यंत्र संपूर्ण अर्जच निर्दोष इंग्रजीत लिहून देते. जी खूण कोणालाही फुकट मिळते, ती खूण म्हणून निरुपयोगी होते, हे स्पेन्स यांच्याच विवेचनातून निघते. तेव्हा अर्जातील व्याकरणावरून माणूस ओळखण्याची जुनी रीत यापुढे चालणार नाही. धोका एवढाच, की लेखी परीक्षेत आणि तोंडी मुलाखतीत, जेथे यंत्र सोबत नसते, तेथे हीच चाळणी अधिक बारीक केली जाईल. शिवाय यंत्राने लिहिलेला मजकूर बरोबर आहे की नाही, हे समजण्याइतकी इंग्रजी स्वतःला यावीच लागेल. न समजलेल्या कागदावर सही करणे अशुद्ध लिहिण्यापेक्षा अधिक घातक आहे.

काय करता येईल?

उपाय फार मोठे नाहीत. चुकांची प्रतवारी लावणे, हा पहिला. नाव, तारीख, रक्कम, 'नॉट'सारखा नकार आणि अर्थ फिरविणारा स्वल्पविराम यांतील चूक सर्वांत गंभीर. ती दोनदा तपासावी, शक्य तर दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. कर्ता आणि क्रियापद यांचे वचन, काळ आणि सारख्या उच्चाराचे शब्द ही दुसरी पायरी. उपपदे आणि शब्दयोगी अव्यये तिसरी. ती वाचनाने हळूहळू सुधारतात. शैलीचे दंडक अगदी शेवटी.

शिक्षकाने निबंध तपासताना सर्व चुकांवर लाल शाई फिरविण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारची चूक हाती घेतली आणि ती मराठी वाक्य शेजारी लिहून समजावली, तर विद्यार्थ्याला निदान ती एक तरी कायमची कळेल. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. वर्षे वाढली, पण पद्धत तीच राहिली तर चुका फक्त लवकर सुरू होतील. विद्यार्थ्याने लहान वाक्ये लिहावीत, लिहिलेले मोठ्याने वाचावे आणि शंका येईल तेथे कोश उघडावा. कारकुनाने वीस वर्षांपूर्वीच्या मसुद्यातील लांबलचक वाक्ये उतरवून काढणे थांबवावे. 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह'ने सुरू झालेले पत्र चौथ्या ओळीत कर्ता हरवून बसते. इंग्रजी कच्ची असल्यामुळे असे मसुदे जपले जातात, आणि ते जपल्यामुळे इंग्रजी कच्चीच राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जेथे इंग्रजीची गरज नाही, तेथे ती न लिहिणे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत इंग्रजी टळत नाही. परदेशाशी आणि अन्य प्रांतांशी व्यवहार करतानाही ती लागते. पण एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाला रजा मागण्यासाठी मोडकी इंग्रजी लिहावी आणि त्याने ती मोडक्या इंग्रजीतच मंजूर करावी, यात कोणाचे हित साधते? इंग्रजीतील निम्म्या चुका अशा अनावश्यक लेखनातूनच जन्म घेत असाव्यात.

मराठी लिहिण्याचा हा आग्रह धरताना मराठीकडेही थोडे पाहावे लागेल. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कारलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून आहेत. १९७२ ची भर धरून ते अवघे अठरा होतात. इंग्रजीचे अठराशे अपवाद पाठ करणाऱ्यांना हे अठरा जड वाटतात. 'रिसीव्ह'चे स्पेलिंग चुकले म्हणून वर्गात उभे केलेल्या मुलाला 'परीक्षा' आणि 'परिस्थिती' यांतील ऱ्हस्व-दीर्घ कोणी शिकविले नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. लेखनातील काटेकोरपणा ही एकच सवय आहे. ज्याला ती स्वतःच्या भाषेत लागली, त्याला परक्या भाषेत ती नेणे सोपे जाते.

राहता राहिला प्रश्न अर्ज वाचणाऱ्यांचा. ज्या कामाला खरोखर इंग्रजी लागते, त्या कामासाठी तिची परीक्षा अवश्य घ्यावी, आणि ती त्या कामाच्याच स्वरूपाची असावी: पत्र लिहायचे असेल तर पत्र, हिशेबाचा तक्ता भरायचा असेल तर तक्ता. बाकीच्या कामांच्या जाहिरातीत इंग्रजीची अट घालण्यापूर्वी ती कशासाठी आहे, हे लिहून दाखविण्याची सवय संस्थांनी स्वतःला लावून घ्यावी. कित्येकांना ते लिहिता येणार नाही. आणि ज्यांना लिहिता येणार नाही, त्यांनी ती अट काढून टाकावी.